बी-पेशी आणि संधिवाताचे विकार : एका प्रश्नाचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

कोकणात सांधेदुखीला स्वतंत्र निदान क्वचितच लाभते. वयपरत्वे झिजलेला गुडघा, चिकुनगुनियाच्या तापानंतर महिनोन्‌महिने मागे रेंगाळणारी कळ, आणि ऐन तिशी-चाळिशीत हातापायांचे लहान सांधे सुजवून अखेरीस ते वाकडे करून टाकणारा चिवट विकार, या तिहींची नोंद घरच्या बोलण्यात ‘वात’ या एकाच सदराखाली होते आणि तिहींवर तेलाची मालीश व शेक हाच पहिला इलाज ठरतो. यांपैकी तिसऱ्या विकाराची लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही, भाकरीचे पीठ मळता येत नाही, विळीवर नारळ खवताना मनगट साथ देत नाही, आणि दुखणे जसे उजव्या हातास तसेच डाव्याही हातास असते. ऊन वर आले म्हणजे बोटे काहीशी सैल होतात, आणि म्हणूनच घरच्यांस व कित्येकदा रुग्णासही ते दुखणे गंभीर वाटत नाही. हा संधिवाताभ संधिशोथ होय. आपल्याकडे त्यास बहुधा आमवात म्हणतात आणि प्रस्तुत लेखातही तेच नाव वापरले आहे.

आमवात एकटा नाही. त्वचा, सांधे व मूत्रपिंड यांना ग्रासणारा ल्यूपस, डोळ्यांतील व तोंडातील ओलावा नाहीसा करणारा शोग्रेनचा विकार, कातडी आवळून टाकणारे त्वक्काठिन्य, स्नायुशोथ आणि रक्तवाहिन्यांचा दाह ही सारी एकाच कुळातील मंडळी असून, शरीराच्या रक्षणासाठी नेमलेली प्रतिरक्षा-यंत्रणाच या सर्वांत स्वकीय ऊतींवर उलटलेली असते. या यंत्रणेतील जी पेशी प्रतिपिंडे निर्माण करते तिला बी-पेशी म्हणतात. ती या विकारांची मूळ कर्ती आहे, दुसऱ्या कुणाच्या हुकुमाने वागणारी साथीदार आहे, की घडून गेलेल्या दाहाची केवळ निशाणी आहे, हा वाद गेली सुमारे 80 वर्षे या ना त्या रूपाने चालू आहे.

आपल्या भागास हा वाद दूरचा नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरील भिगवण या गावी 1996 साली पुण्याच्या संधिवातविकार केंद्राचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने घरोघर पाहणी केली, तीत प्रौढांपैकी सुमारे 0.5 टक्के लोकांस आमवात आढळला. त्यापूर्वी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. आनंद मालवीय यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या उत्तर भारतातील पाहणीत हे प्रमाण 0.75 टक्के होते. भिगवणचे प्रमाण जरी धरले तरी 2011 च्या शिरगणतीत 16 लाखांवर लोकसंख्या असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात अशा रुग्णांची संख्या काही हजारांच्या घरात जाते. शिवाय आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आणि ल्यूपस सुमारे नऊपट आढळतो. आणि त्याच शिरगणतीप्रमाणे दर 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया असलेला रत्नागिरी हा याबाबतीत महाराष्ट्रातील पहिला जिल्हा आहे. चाकरमानी पुरुष मुंबईस गेल्यावर शेती, गुरे व घर ज्या हातांवर चालते, नेमके तेच हात हा विकार धरतो.

२. पूर्वपीठिका

विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिख यांनी असे प्रतिपादन केले की, स्वतःच्याच शरीरास घातक अशी द्रव्ये निर्माण होण्यास शरीराचा अंगभूत विरोध असतो. एर्लिख यांना अभिप्रेत होते ते एवढेच की, असे होऊ नये म्हणून काही बंदोबस्त असला पाहिजे. परंतु पुढील पिढीने त्यांच्या वचनाचा अर्थ, असे होणे अशक्यच आहे, असा लावला आणि स्वयंप्रतिरक्षेचा विचार कित्येक वर्षे मागे पडला.

त्यास पहिला धक्का बसला तो नॉर्वेत. सशाच्या प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींवर एरिक वालर हे एक नेहमीची चाचणी करीत असताना, आमवाताच्या एका रुग्णाचे रक्तजल मिसळताच त्या पेशींच्या गुठळ्या बांधल्या गेल्याचे त्यांच्या नजरेस आले. रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडांनाच चिकटणारे असे काही द्रव्य आहे, हे त्यांनी 1940 साली प्रसिद्ध केले. 1948 साली अमेरिकेत हॅरी रोझ यांनी तेच स्वतंत्रपणे दाखविले, आणि आज तालुक्याच्या प्रयोगशाळेतही जी ‘आर. ए. फॅक्टर’ची तपासणी होते तिचा उगम येथे आहे. त्याच 1948 साली मेयो रुग्णालयात माल्कम हारग्रेव्हज यांनी ल्यूपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून बसलेली पेशी पाहिली, आणि त्याच संस्थेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णास कॉर्टिझोन टोचून अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीस चालते केले. हेंच यांना 1950 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र कॉर्टिझोनने दाह शमतो, रोग मुळासकट जात नाही, हेही लवकरच प्रत्ययास आले.

तात्त्विक बैठक 1957 साली मेलबर्नच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी घालून दिली. त्यांच्या मते शरीरात निरनिराळ्या लक्ष्यांस ओळखणारी असंख्य पेशीकुळे आधीच तयार असतात, रोगजंतू शिरला म्हणजे त्यास अनुरूप असे कूळ तेवढे वाढते, आणि स्वकीयांस ओळखणारी निषिद्ध कुळे जन्मतःच नष्ट केली जातात. ती कोठे निसटली तर स्वयंप्रतिरक्षा उद्भवते. ही पेशी नेमकी कोणती, याचा धागा मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडला. कोंबडीच्या गुदमार्गाजवळील ‘बर्सा’ नावाची पिशवी काढून टाकल्यास ती प्रतिपिंडे करू शकत नाही, हे ब्रूस ग्लिक यांनी 1956 साली कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि 1965 साली मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनी त्यावरून प्रतिपिंडे करणारी एक आणि थायमस ग्रंथीत वाढणारी दुसरी, अशा दोन वेगळ्या पेशीशाखा सिद्ध केल्या. पहिली बी-पेशी व दुसरी टी-पेशी. सस्तन प्राण्यांत बर्सा नसतो. त्यांच्या बी-पेशी अस्थिमज्जेत जन्मतात.

एवढे झाल्यावर बी-पेशीस महत्त्व यावयास हवे होते, पण घडले ते उलट. 1970 नंतरच्या दोन दशकांत आमवाताचा संबंध टी-पेशींस प्रतिजन, म्हणजे ओळखावयाचे लक्ष्य, दाखविणाऱ्या ऊती-जनुकांशी असल्याचे दिसून आले, सुजलेल्या सांध्याच्या अस्तरात टी-पेशींची दाटी आढळली, आणि वालर यांचे द्रव्य तर क्षय व कुष्ठरोग यांच्या रुग्णांत, किंबहुना काही निरोगी वृद्धांतही सापडू लागले. त्यामुळे प्रतिपिंडे ही रोगाची परिणती असून कारण नव्हे, असा निर्वाळा बहुतेक जाणत्यांनी दिला आणि बी-पेशीचे प्रकरण जवळजवळ दप्तरदाखल झाले.

३. बी-पेशीचा जीवनक्रम

पुढील वाद समजण्यासाठी या पेशीचे आयुष्य थोडक्यात पाहणे अवश्य आहे. अस्थिमज्जेत जन्म घेताना प्रत्येक बी-पेशी आपल्या ग्राहकाची जनुके तुकड्यातुकड्यांनी जुळविते. या जुळणीचे रहस्य सुसुमु तोनेगावा यांनी उलगडले व त्यांना 1987 साली नोबेल पारितोषिक मिळाले. जुळणी यदृच्छेने होत असल्यामुळे स्वकीयांस ओळखणारे ग्राहकही विपुल तयार होतात. न्यूयॉर्कच्या मिशेल नुसेनझ्वाइग यांच्या प्रयोगशाळेने 2003 साली दाखविले की, मानवी अस्थिमज्जेतील अगदी कोवळ्या बी-पेशींपैकी 55 ते 75 टक्के पेशी स्वकीय द्रव्यांस चिकटतात, आणि टप्प्याटप्प्याच्या छाननीनंतर रक्तातील प्रौढ पेशींत हे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांवर येते. निरोगी माणसाच्या रक्तातही स्वकीयांस ओळखणाऱ्या पेशी असतात हा त्यातील खरा बोध होय. रोगी व निरोगी यांतील अंतर त्या पेशी असण्या-नसण्याचे नसून त्यांना आवर असण्या-नसण्याचे आहे.

छाननीतून पार पडलेली पेशी लसिकाग्रंथीत टी-पेशीच्या साहाय्याने अधिक कुशल बनते व अखेरीस एक तर स्मृतिपेशी होते किंवा प्रतिपिंडे स्रवणारी प्लाझ्मा-पेशी होते. या वाटचालीत तिच्या पृष्ठभागावरील खुणा बदलत जातात. सीडी-20 ही खूण मधल्या अवस्थांत असते. सीडी-19 तिच्याही आधीपासून असून काही काळ पुढेपर्यंत टिकते. अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे ठाण मांडणाऱ्या प्लाझ्मा-पेशींवर बहुधा दोन्ही नसतात. उपचारांच्या यशापयशाचा पुष्कळसा खुलासा या तीन वाक्यांत दडलेला आहे.

४. एका औषधाने पालटलेला प्रश्न

सीडी-20 वर नेम धरणारे रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड 1997 साली अमेरिकेत लसिकापेशींच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील जोनाथन एडवर्ड्स यांनी त्याच सुमारास असा तर्क मांडला की, आमवातात काही बी-पेशी आपल्याच प्रतिपिंडांच्या जोरावर स्वतःस जिवंत ठेवीत असतात. हे चक्र एकदा तोडले तर रोग ओसरला पाहिजे. जेराल्डिन केंब्रिज यांच्यासह त्यांनी पाच रुग्णांवर हा प्रयोग केला व त्याचा वृत्तांत 2001 साली प्रसिद्ध झाला. तोवर ज्या पेशीस बहुतेकांनी गौण मानले होते ती रक्तातून नाहीशी होताच रुग्ण सुधारले.

पुढे 161 रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष 2004 साली आले. केवळ मेथोट्रेक्झेट हे जुने औषध घेणाऱ्यांपैकी 13 टक्के रुग्णांत निम्मी सुधारणा झाली, तर त्याच्या जोडीस रिटुक्सिमॅबच्या दोन मात्रा पंधरा दिवसांच्या अंतराने घेतलेल्यांपैकी 43 टक्क्यांत. 2006 साली अमेरिकेत या उपयोगास मंजुरी मिळाली, आणि 2007 साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने याच औषधाची भारतीय आवृत्ती बाजारात आणल्यामुळे आपल्याकडील रुग्णांस ते तुलनेने स्वस्तात मिळू लागले. रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या एका प्रकारात ते सायक्लोफॉस्फामाइड या जुन्या व जहाल औषधाच्या तोडीस तोड असल्याचे 2010 साली सिद्ध झाले. बी-पेशीला महत्त्व आहे की नाही, हा प्रश्न येथे मिटला. ती नेमके काय करते, या प्रश्नावर मात्र मतभेद सुरू झाले.

५. प्रमुख पक्ष

पहिला पक्ष प्रतिपिंडांस प्राधान्य देतो. त्याचा सर्वांत बळकट पुरावा कालक्रमाचा आहे. अमेरिकी सैन्याच्या साठ्यातील जुन्या रक्तनमुन्यांवरून 2003 साली असे दिसून आले की, पुढे ल्यूपस झालेल्या 130 जणांपैकी 115 जणांच्या रक्तात निदानापूर्वीच, काहींत नऊ वर्षांहूनही अधिक आधी, स्वप्रतिपिंडे होती. आमवातातही सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे, ज्यांची तपासणी आज ‘अँटी-सीसीपी’ या नावाने होते, सांधा दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी रक्तात उतरतात. गर्भवतीच्या रक्तातील ‘अँटी-रो’ प्रतिपिंडे वारेतून गर्भात गेल्यास बाळाच्या हृदयातील विद्युत्‌प्रवाह खंडित होऊ शकतो. बाळाची स्वतःची बी-पेशी यात कोठेच नसते. अर्थात प्रतिपिंड एकटेही अपाय करू शकते, याचा हा साक्षात दाखला होय.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, प्रतिपिंड हे बी-पेशीच्या कामाचे एक अंग आहे, सर्वस्व नव्हे. ती प्रतिजन पकडून टी-पेशीस दाखविते आणि दाह वाढविणारी संदेशद्रव्ये सोडते. मार्क श्लोमचिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली ल्यूपस होणाऱ्या उंदरांत असा बदल केला की त्यांच्या बी-पेशी प्रतिपिंडे स्रवूच शकू नयेत. तरीही त्या उंदरांची मूत्रपिंडे सुजली, बी-पेशीच नसलेल्या उंदरांची मात्र सुजली नाहीत. रिटुक्सिमॅब घेतल्यावर पुष्कळ रुग्णांस रक्तातील प्रतिपिंडांची पातळी फारशी न उतरताही आराम पडतो, याचाही उलगडा या पक्षास करता येतो. पहिल्या पक्षाचे यावरील उत्तर असे की, ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत त्यांनाच हे औषध अधिक मानवते, हा योगायोग नव्हे.

तिसरा पक्ष टी-पेशी व दाहद्रव्ये यांस अग्रस्थान देतो. लंडनमध्येच मार्क फेल्डमन आणि मूळचे पंजाबचे रविंदर मैनी यांनी टीएनएफ या दाहद्रव्यास अडवून 1990 नंतरच्या दशकात आमवाताच्या उपचारांत क्रांती घडविली. टी-पेशीस मिळणारा दुसरा संकेत रोखणारे अबाटासेप्टही गुणकारी ठरले. बी-पेशीस हात न लावता रोग आटोक्यात येत असेल, तर ती अपरिहार्य कशी, असा या पक्षाचा रास्त सवाल आहे. प्रतिरक्षेस लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधास 2025 चे नोबेल पारितोषिक मिळाल्याने या विचारास नवे बळ आले आहे. तथापि दुसऱ्या व तिसऱ्या पक्षांत समेटाची वाटही दिसते: अमेरिकेत दीपक राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली आमवाताच्या सांध्यात अशा टी-पेशी दाखविल्या की ज्यांचे कार्यच मुळी बी-पेशींस त्या जागी बोलावणे व साहाय्य करणे हे आहे.

चौथा पक्ष संख्येने लहान असला तरी उपेक्षणीय नाही. काही बी-पेशी इंटरल्यूकिन-10 हे शामक द्रव्य सोडून दाह आवरतात, हे लंडनच्या क्लॉडिया माउरी यांनी संधिशोथाच्या उंदरांत 2003 साली दाखविले. तसे असेल तर सर्वच बी-पेशींचा सरसकट नाश करणे म्हणजे रक्षकांसही भक्षकांबरोबर शासन करणे होय. यास्तव निवडक पेशींवरच नेम धरता यावा, अशी या पक्षाची मागणी आहे.

६. ल्यूपसचा पेच आणि नवी वाट

ल्यूपस म्हणजे बी-पेशीचा विकार असे ठरीव समीकरण असल्याने रिटुक्सिमॅबचे खरे यश तेथेच दिसेल, अशी सर्वांची अटकळ होती. प्रत्यक्षात ल्यूपसमधील दोन्ही मोठ्या चाचण्या, 257 रुग्णांवरील 2010 सालची आणि मूत्रपिंड-विकाराच्या 144 रुग्णांवरील 2012 सालची, आपले घोषित उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत. उलट बी-पेशीस जगविणारे ‘बॅफ’ हे द्रव्य अडविणारे बेलिमुमॅब 2011 साली मंजूर झाले. अर्धशतकाहून अधिक काळानंतर ल्यूपससाठी मंजूर झालेले ते पहिलेच नवे औषध होते, मात्र त्याचा गुण माफकच होता. औषधाचा सिद्धांत चुकला, चाचण्यांची आखणी सदोष होती, की पेशींचा नाश अपुरा झाला, यावर बरीच वर्षे खल चालला.

अलीकडचा पुरावा तिसऱ्या शक्यतेकडे झुकतो. सीडी-20 वरच पण अधिक जोमाने काम करणाऱ्या ओबिनुटुझुमॅबची 271 रुग्णांवरील चाचणी 2025 साली प्रसिद्ध झाली, तीत मूत्रपिंड पूर्णतः सावरण्याचे प्रमाण 33.1 टक्क्यांवरून 46.4 टक्क्यांवर गेले. शेतातला लव्हाळा वरून कापला तरी जमिनीतील गाठी पुन्हा फुटतात. तसेच रक्तातून नाहीशा झालेल्या बी-पेशी लसिकाग्रंथींत व दाहग्रस्त ऊतींत दडून राहत असाव्यात, असे आता बहुतेकांस वाटते.

त्या गाठींपर्यंत पोहोचण्याचा उपाय कर्करोगाच्या चिकित्सेतून आला. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत सीडी-19 ओळखणारे कृत्रिम ग्राहक बसवून त्या परत शरीरात सोडण्याच्या पद्धतीस ‘कार-टी’ म्हणतात. जर्मनीतील एर्लांगन येथे गेओर्ग शेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ल्यूपसच्या एका 20 वर्षांच्या तरुणीवर योजिली व 2021 साली तिचा वृत्तांत दिला. 2024 साली त्यांनी 15 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आठ ल्यूपसचे, तीन स्नायुशोथाचे व चार त्वक्काठिन्याचे होते. ल्यूपसच्या आठही जणांचा रोग शमला, आणि पंधराही जणांची प्रतिरक्षा दाबणारी औषधे बंद करता आली. सरासरी 112 दिवसांनी बी-पेशी परतल्या, पण त्या बव्हंशी अननुभवी व नव्या होत्या. विशेष लक्षणीय हे की, डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे नाहीशी झाली, परंतु लसींमुळे निर्माण झालेली बरीचशी टिकून राहिली. प्लाझ्मा-पेशींचे अल्पायुषी व दीर्घायुषी असे दोन वर्ग मानणाऱ्यांस यात आधार मिळतो.

या घडामोडीत मुंबईचे स्थान विशेष आहे. सीडी-19 वरच रोख असलेली भारतातील पहिली कार-टी चिकित्सा मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने सिद्ध केली. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला केंद्रीय औषध-नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती राष्ट्रास अर्पण झाली. तिचा खर्च परदेशातील खर्चाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका आहे. मंजुरी बी-पेशींच्या कर्करोगांपुरती आहे, संधिवाताच्या विकारांसाठी नव्हे. तरीही ज्या तंत्राची एर्लांगनमध्ये परीक्षा चालू आहे, ते तंत्र मुंबईस अवगत आहे, ही गोष्ट लहान नाही.

७. आपल्याकडील कार्य

पेशींच्या या शास्त्रास आपल्याकडे परंपरा नाही असे कोणी म्हणेल तर ते वास्तवास धरून होणार नाही. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तेथे डॉ. वंदना प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील ल्यूपस-रुग्णांच्या स्वप्रतिपिंडांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. डॉ. विनीता बाळ व डॉ. सत्यजित रथ यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत बी व टी पेशींवर दीर्घकाळ मूलभूत काम केले आणि पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत ते अध्यापन करू लागले. लखनौच्या डॉ. अमिता अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली देशभरातील अनेक केंद्रांनी मिळून ल्यूपसच्या नव्या रुग्णांची दीर्घकालीन नोंद सुरू केली आहे.

आपल्या परिस्थितीचे काही विशेषही या संशोधनात ध्यानी घ्यावे लागतात. टीएनएफ अडविणाऱ्या औषधांनी सुप्त क्षय जागा होण्याचा धोका वाढतो, रिटुक्सिमॅबने तो तितका वाढत नाही. म्हणून क्षयबहुल देशात बी-पेशीवरील उपचारास वेगळे मोल आहे. त्याच वेळी रिटुक्सिमॅबने यकृतातील ब-प्रकारचा दबलेला काविळीचा विषाणू उसळू शकतो, लसींस मिळणारा प्रतिसाद क्षीण होतो, आणि पुनःपुन्हा मात्रा घेतल्यास रक्तातील एकूण प्रतिपिंडे घटून संसर्ग वाढतात. यास्तव औषधापूर्वी काविळीची तपासणी व लसीकरण उरकून घेणे हा शिरस्ता झाला आहे.

८. अनिर्णीत प्रश्न

पहिला प्रश्न काळाचा. प्रतिपिंडे रोगाच्या आधी येत असतील, तर सांधा सुजण्यापूर्वीच औषध द्यावे काय? नेदरलँड्समधील एका चाचणीत प्रतिपिंडे असलेल्या पण संधिशोथ न झालेल्या 81 जणांचा अभ्यास झाला. रिटुक्सिमॅबच्या एकाच मात्रेने रोग लांबणीवर पडला, टळला नाही. शिवाय प्रतिपिंडे असलेल्या सर्वांनाच रोग होत नाही. निरोगी राहणार असलेल्या माणसास असे औषध देणे कितपत न्याय्य, हा वैद्यकाइतकाच नीतीचाही प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न उगमाचा. धूम्रपान, हिरड्यांचा जुनाट दाह आणि विशिष्ट ऊती-जनुके यांचा आमवाताशी संबंध प्रस्थापित झाला आहे, आणि पहिली ठिणगी सांध्यात नसून फुप्फुसांत वा हिरड्यांत पडते, असा तर्क बळावत आहे. कोकणातील स्त्रिया विडी-सिगारेट क्वचितच ओढतात, पण मिसरी हिरड्यांस चोळण्याची व चुलीच्या धुरात स्वयंपाक करण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. याचा या विकाराशी काही संबंध आहे काय, हे पाश्चात्त्य आकड्यांवरून ठरणार नाही. ते येथेच शोधावे लागेल.

तिसरा प्रश्न स्त्रियांचा. ‘टीएलआर-7’ या ग्राहकाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असून स्त्रियांच्या काही बी-पेशींत त्याच्या दोन्ही प्रती जागृत राहतात; या जनुकातील एका बदलामुळे एका मुलीस ल्यूपस झाल्याचे कॅरोला व्हिन्युएसा यांच्या गटाने 2022 साली दाखविले. हा धागा आशादायक असला तरी ल्यूपसचे नऊपट प्रमाण एवढ्याने पूर्णतः उलगडत नाही.

चौथा प्रश्न सुरक्षिततेचा व टिकाऊपणाचा. कार-टीचे निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी रुग्ण थोडे आहेत, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि पाठपुराव्याचा काळ अल्प आहे. या चिकित्सेनंतर क्वचित टी-पेशींचा कर्करोग उद्भवू शकतो, असा इशारा अमेरिकी औषध-प्रशासनाने 2024 साली दिला आहे. कर्करोगात पत्करला जाणारा धोका वीस वर्षांच्या ल्यूपसग्रस्त मुलीच्या बाबतीत पत्करावा काय, याचे उत्तर मोठ्या तुलनात्मक चाचण्यांनीच मिळेल.

९. समारोप

सर्व पक्षांची बाजू पाहिल्यावर एवढे निश्चयाने म्हणता येते की, बी-पेशी निव्वळ साक्षीदार नाही. ती आमवातात व ल्यूपसमध्ये रोग चालविणाऱ्यांपैकी एक आहे. परंतु ती एकाच मार्गाने हे करीत नाही, सर्व रुग्णांत सारख्याच प्रमाणात करीत नाही, आणि तिच्या सर्वच पोटजाती दोषी नाहीत. वादाचे केंद्र आता ‘बी-पेशी की टी-पेशी’ येथून हलून ‘कोणती बी-पेशी, कोणत्या वेळी, कोणत्या रुग्णात’ येथे आले आहे, आणि ही प्रगती आहे.

या साऱ्या ज्ञानाचे व्यावहारिक फलित मात्र एकच आणि ते आजही हाती आहे: या विकारांत पहिले काही महिने मोलाचे असतात. मेथोट्रेक्झेटसारखे जुने, स्वस्त औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वेळेवर सुरू झाले, तर पुष्कळ रुग्णांचे सांधे वाचतात व महागड्या उपचारांची पाळीच येत नाही. रत्नागिरीच्या रुग्णास आजवर त्यासाठी मुंबई-पुण्याचा किंवा आंबा घाटातून कोल्हापूरचा रस्ता धरावा लागला. आता डेरवणास व खुद्द रत्नागिरीस वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत. त्यांनी संधिवातासाठी नियमित बाह्यरुग्ण विभाग चालवावा, भिगवणच्या धर्तीवर कोकणाची पाहणी हाती घ्यावी आणि येथील रुग्णांच्या नोंदी राष्ट्रीय अभ्यासांत दाखल कराव्यात, अशी या आढाव्याच्या अखेरीस त्यांस विनंती आहे. आणि वाचकांस सांगणे एवढेच की, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेले व सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा असेल, आणि हे सहा आठवड्यांनंतरही चालूच असेल, तर ‘वात आहे’ म्हणून घरी बसू नये. अँटी-सीसीपीची तपासणी करून घ्यावी आणि संधिवाततज्ज्ञास दाखवावे.